चूलबंद आवतन

सगळ्यात आधी हे सांगून टाकतो, की म्हाळसाबाई आमच्या बिल्डिंगमधून जावी म्हणून मी स्वतः दुआ मागितलेली आहे. पुढचं ऐकून लोक मला लई भला माणूस समजतात. तसं काही नाही.

मी गयास. एसटीत तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा सिल्लोडच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून. माइकवर गाड्या पुकारायच्या आणि उशीर केला की ड्रायव्हरला झापायचं, हे माझं काम. रिटायर झालो, बीड बायपासला फ्लॅट घेतला, आणि सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगला पाच मिनिटं आधी पोचलो म्हणून लोकांनी मला सेक्रेटरी करून टाकलं. बिल्डिंगचं नाव गुलशन-समृद्धी. बिल्डर दोन होते, एकाचं दुसऱ्याला पटेना, म्हणून दोन्ही नावं लावली. सहा मजले, चौतीस फ्लॅट, लिफ्ट एक. कुणी कुणाचं तोंड बघत नव्हतं, आणि खरं सांगू का, त्यात मोठा आराम होता.

त्यात ही बाई आली.

तिचा मुलगा अजिनाथ वाळूजला कंपनीत, सून दिपाली एका पतसंस्थेत कामाला. दुसऱ्या मजल्यावर राहतात. अजिनाथचा बाप मुंजाबा वारला, तेव्हा आईला गावाहून इकडं आणलं. गाव अजिंठ्याच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला. नवराबायकोनं जन्मभर मेंढरं राखली. आठ महिने मेंढरांमागं, चार महिने घरी. अजिनाथनं मेंढरं विकली आणि आईला सोफ्यावर बसवलं. सोफ्यावर ती मोजून दोन दिवस बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती लिफ्टच्या दारात उभी. एक पाय आत, एक बाहेर. दार सरकत येतं, तिच्या पायाला लागतं, परत जातं. आत ऑफिसला निघालेला एक टायवाला.

"जेवला का?"

"हो."

"काय जेवला?"

"पोहे."

"शेंगदाणे व्हते का त्यात?"

उत्तर मिळाल्याशिवाय पाय हलत नव्हता. खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी पकडायची. पंधरा दिवसांत अख्ख्या बिल्डिंगचा स्वयंपाक तिला तोंडपाठ. "काल वांगं केलं, आज पुन्हा वांगंच? जाऊ द्या, नवऱ्याला आवडत असंल." संध्याकाळी फाटकापाशी बसून आत येणारी माणसं मोजायची. चौतीस घरं, एकशे एकोणीस माणसं. एक जरी कमी असलं तरी वॉचमनला फाटक लावू द्यायची नाही. चौथ्या मजल्यावरचा एक गृहस्थ आठ दिवस बंगळुरूला गेला, न सांगता. बाईनं आठ दिवस त्याच्या बायकोला हैराण केलं.

असं वर्ष होत आलं. मग एके दिवशी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, नान-खलिया खाल्ला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, दालचा. तिसऱ्या दिवशी बिर्याणी.

"गयासभाई," ती म्हणाली, "तुमच्या दारातून तर कशाचाच वास येत नाय."

आता माझ्या दारातून वास यायचा कुठून? माझी बायको अमिना वारली त्याला चौदा महिने झाले. एका टायमाचा डबा येतो, तोच दोनदा खातो. चहा टपरीवर. पण हे लिफ्टमध्ये उभं राहून कुणाला सांगायचं? माझं डोकं सटकलं. त्याच दिवशी ग्रुपवर सतरा तक्रारी होत्या, प्रायव्हसी वगैरे. अठरावी मी टाकली.

एवढ्यात तिनंच माझं काम सोपं केलं. पार्किंगमध्ये मला गाठून म्हणाली, "ह्या आइतवारी आमच्या म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध हाय. गावाकडं माणसं ऱ्हायली नाय, म्हणून इथंच करणार. समद्या बिल्डिंगला जेवायला बोलावते. माणसं आली तर समजंल ही वस्ती हाय. नाय आली, तर सोमवारी मी गावाला. कायमची."

मी मनात म्हटलं, या अल्ला, तूच वाट दाखवलीस. या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या मोटरीच्या मीटिंगला चारजण येत नाहीत, श्राद्धाला कोण येतंय! सोमवारची पहिली गाडी किती वाजता सुटते, तेसुद्धा मला न विचारता आठवलं.

संध्याकाळी दिपाली दारात. डोळे लाल.

"चाचा, लोकांना सांगा ना यायला. तुमचं ऐकतील."

"माझं? माझं मोटरीचं ऐकत नाहीत."

"आई गेल्या तर वाचणार नाहीत हो. दिवाळीत हट्टानं गावाला गेल्या, चार दिवस एकट्या होत्या. चारही दिवस जेवल्या नाहीत. आजूबाजूला कुलपं. एकटीला घास उतरत नाही म्हणतात."

उतरत नाही म्हणजे काय! मी चौदा महिने एकटा जेवतोय. वर पाणी प्यायलं की उतरतो. असं मी तिला म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. बघतो म्हणालो आणि दार लावलं.

बुधवारी म्हाळसाबाई आवतनं द्यायला निघाली. दुपारचं ऊन, अंगावर इरकल, हातात हळदीच्या भंडाऱ्याची वाटी. आमच्या भागात आवतन दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक, म्हणजे घरातून एकजण आला तरी चालतं. आणि चूलबंद, म्हणजे लेकरंबाळं, म्हातारेकोतारे, पाहुणेरावळे सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. अजिनाथ रडकुंडीला येऊन म्हणत होता, घरटी एक दे. बाईनं चौतीसही घरांना चूलबंद दिलं. चौथ्या मजल्यावर मोनिका राहते, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. ती म्हणाली, "आजी, तुम्ही ग्रुपवर टाका ना, मी लगेच अंगठा देते."

"मला अंगठा दाखवती?" म्हाळसाबाई म्हणाली आणि तिच्या कपाळाला भंडारा लावून पुढं गेली.

शेवटी माझ्याकडं आली. मी दारातच म्हटलं, येतो, येतो. पण ती थेट स्वयंपाकघरात. शेगडीवर चादर अंथरलेली, चादरीवर माझ्या बीपीच्या गोळ्या, लाईट बिलं, रेडिओ.

"ही तर बंदच हाय."

"मग झालं की! तुमचं काम आधीच झालेलं आहे."

"तसं नाय चालत. पेटल्याबिगर बंद कशी व्हईल? बंद चुलीला चूलबंद कसं देऊ? आवतन लागू व्हत नाय."

"बाई, मी येतो म्हणतोय ना. पाय आहेत मला."

"तुमी येताल. घर नाय येणार." आणि ती ओट्याशी फतकल मारून बसली. "आधी पेटवा."

मी खूप ओरडलो. तेहतीस वर्षांची सगळी आरडाओरड एका दमात केली. ती माझ्या रेडिओचं बटण फिरवत बसली होती. मी पेटवायला गेलो तर सिलिंडर रिकामा. चौदा महिने रिकामा सिलिंडर मी घरात का ठेवला होता, ते मला विचारू नका. गॅसचा नंबर लावायला घेतला. नंबर अमिनाच्या मोबाईलवर रजिस्टर, तो मोबाईल कपाटात, चार्जर सापडेना. तेहतीस वर्षांत एवढी धावपळ मी कुठल्या गाडीसाठी केली नव्हती. म्हाळसाबाई सकाळ-संध्याकाळ येऊन विचारायची, "आला का?" आणि मी दर वेळी तिच्यावर खेकसायचो.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून घरी येतो तर सिलिंडर दारात आणि सिलिंडरशेजारी म्हाळसाबाई. रेग्युलेटर बसवला. लायटर मेलेला. काडेपेटी नाही. ती तिच्या पदराला बांधून आणली होती तिनं. पेटवला.

निळा जाळ आला. बारीक सूं असा आवाज. मी त्याच्याकडं बघत उभा.

"आता ठेवा कायतरी."

काय ठेवणार? दूध टपरीवरून आणलं, साखरेचा दगड झाला होता तो बत्त्यानं फोडला. अमिनाची पातेली खाली काढली, धुतली, चहा ठेवला. मग आम्ही दोघं त्या जाळाकडं बघत राहिलो. खिडकीतून बायपासचे ट्रक ऐकू येत होते. मला रडू आलं. आलं म्हणजे, हुंदके देऊन रडलो. लपवून काय करू?

"रडा," ती म्हणाली. "पर आधी गॅस बारीक करा, दूध उतू चाललंय."

चहा अगदी भिकार झाला होता. दोघं दोन-दोन कप प्यायलो. बशीतला शेवटचा घोट घेऊन ती म्हणाली, "मुंजाबा रानात चहा करायचा. असाच वंगाळ." मग बटण फिरवून तिनं शेगडी बंद केली. "आइतवारी सकाळी पुन्हा पेटवून ठेवा. मी बंद करायला येते. तवा आवतन लागू."

त्या दिवशी माझी दुआ फिरली. आता ही बाई जाऊ नये, असं मला वाटायला लागलं, आणि ते इतकं वाटायला लागलं की शनिवारी रात्री डब्यातली पोळी मला खरंच उतरेना.

रविवारी सहापासून ती कामाला लागली. पहिल्या मजल्यापासून एकेक बेल दाबत वर. दार उघडलं की आत, शेगडी बंद, खालून सिलिंडरही बंद, पुढचं घर. तिसऱ्या मजल्यावर कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, ती अर्ध्यात राहिली. एकीच्या हातातून तिनं तव्यासकट धिरडं काढून घेतलं. मोनिकाकडं इंडक्शन. बाईनं काच चाचपली. "जाळ कुठंय? थंडच हाय. शहाणी पोरगी, आधीच बंद केली." असं म्हणून खाली आली. माझी शेगडी मी तासभर आधीपासून पेटवून, वर रिकामी पातेली ठेवून बसलो होतो. ती तिनं शेवटी बंद केली.

पार्किंगमधल्या गाड्या हलवून सतरंज्या अंथरल्या. अजिंठ्याकडच्या आचाऱ्यानं पहाटेपासून बट्ट्या तळल्या होत्या, वरण, वांग्याची भाजी, गव्हाची खीर. सगळं एकशे एकोणीस माणसांचं. अकरा वाजले. साडेअकरा. खाली कोण आलं? चारजण. त्यातले दोघे त्यांची गाडी का हलवली, हे विचारायला. फाटकाशी बघतो तर डबे पोचवणाऱ्या तीन मोटरसायकली, पाठीवर पेट्या. लोकांनी चुली बंद करू दिल्या होत्या आणि मोबाईलवरून जेवण मागवलं होतं. वरून नूडल्सचा वास येत होता, म्हणजे मोनिका.

म्हाळसाबाई सतरंजीच्या टोकाशी बसली होती. कुणाला काही विचारत नव्हती. अजिनाथ म्हणाला, "आई, शहरात असंच असतं." ती म्हणाली, "व्हय बाबा. सकाळी मला गाडीत बसवून दे."

माझ्या खिशात मीटरच्या खोलीची चावी होती. मी सेक्रेटरी आहे. गेलो आणि मेन स्विच खाली ओढला.

मे महिना, दुपारचे बारा, आणि रविवार. पंखे बंद, एसी बंद, वायफाय बंद, मॅच बंद. दहा मिनिटांत जिने भरले. बनियनवर, गाऊनवर, ओल्या केसांनी, माणसं "कुणाकुणाची गेली?" करत खाली. खाली सावली, बट्टीचा वास आणि मांडलेली पानं. दोघांकडं इन्व्हर्टर आहे, पण त्यांनाही वर एकटं बसवेना. मोनिका नूडल्सची वाटी घेऊनच उतरली. मोटरसायकलवाल्यांनाही बाईनं हाताला धरून बसवलं, पाहुणे म्हणून. मी कोपऱ्यात उभा, खूश. काय डोकं आहे माझं!

म्हाळसाबाई उठली. पंगतीतून फिरत प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावत गेली. परत आली.

"एक कमी."

सहाव्या मजल्यावरचे मोतीराम सर उभे राहिले. रिटायर मास्तर. "आमची रत्नमाला वर आहे. तिचं तुम्हाला माहीत आहे, अर्धं अंग गेलेलं. लिफ्ट बंद, जिना तिला जमत नाही, आणि उचलून आणायचं तर ती कुणाला हात लावू देत नाही. मी ताट वर घेऊन जातो."

"नाय. चूलबंदात ताट वर जात नसतं, माणूस खाली येतं."

"अहो, लाईट कधी येईल कुणास ठाऊक."

"बसू की. आमी थांबू."

ती वाढायला तयार होईना. वरण निवायला लागलं. लोक चुळबुळायला लागले, लेकरं रडायला लागली. आणि इथं माझी पंचाईत झाली. लिफ्टचा विचार मी केलाच नव्हता! स्विच वर केला तर लिफ्ट चालू, पण पंखे, एसी, मॅचही चालू. हे सगळे एका मिनिटात वर पळणार, पंगत ओस, आणि बाई उद्या गाडीत. नाही केला तर वरण गार, म्हातारी वर उपाशी, आणि बाई तरीही उद्या गाडीत. एसटीत मी खूप गाड्या अडवल्यात, पण असा अडकलो नव्हतो.

शेवटी मधोमध जाऊन उभा राहिलो. माइक नव्हता, गरजही नव्हती.

"प्रवाशांनी... हे आपलं, सगळ्यांनी लक्ष द्यावे. लाईट गेलेली नाही. मी काढली. आता चालू करतोय. ज्याला वर जायचं त्यानं जावं, जबरदस्ती नाही."

जो काही शिव्यांचा पाऊस पडला, तो मी इथं लिहीत नाही. म्हाळसाबाईकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. जाऊन स्विच वर केला.

वरून सगळ्या टीव्हींचा एकदम कल्ला झाला. खिशाखिशांत मोबाईल वाजायला लागले. मोतीराम सर धावत लिफ्टमध्ये गेले, दार लागलं. आणि पंगतीतली माणसं उठायला लागली. आधी एक, मग पाच-सहा, मग वीस-पंचवीस. सगळी लिफ्टसमोर जाऊन उभी. जिना चढायचा कंटाळा, दुसरं काय! लिफ्ट सहाव्यावर जाऊन थांबली, आणि थांबूनच राहिली. पाच मिनिटं झाली, सात झाली. कुणी बटण दाबतंय, कुणी घड्याळ बघतंय. मग आकडा हलला. पाच, चार, तीन.

दार उघडलं. आत चाकाच्या खुर्चीत रत्नमालाबाई. केस विंचरलेले, जांभळी पैठणी, एका खांद्यावरून पदर सर नीट करत होते. त्यासाठीच लिफ्टच्या दारात चप्पल अडकवून त्यांनी सात मिनिटं घेतली होती. दोन वर्षांत ती खाली उतरली नव्हती. निम्म्या बिल्डिंगला ती आहे हेच माहीत नव्हतं. तिनं समोर बघितलं तर वीस-पंचवीस माणसं तिच्यासाठी उभी. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. एकच हात हलतो, तो तिनं कपाळाशी नेला.

"अहो, बसा, बसा," ती अडखळत म्हणाली. "माझ्यासाठी कशाला एवढे उठलात?"

मोनिकानं पुढं होऊन खुर्चीची मूठ धरली. बाकीचे एकेक करून मागं वळले आणि आपापल्या पानावर जाऊन बसले. लिफ्ट रिकामीच उभी राहिली. म्हाळसाबाईनं रत्नमालाबाईच्या डोक्याला बोट लावलं आणि अजिनाथला ओरडून सांगितलं, "वाढ रं!"

मी चार बट्ट्या खाल्ल्या. तूप कमी होतं, वरण कोमट होतं. माझ्या एका बाजूला मोनिका, दुसऱ्या बाजूला एक मोटरसायकलवाला. दोघंही मला बट्टी कशी कुस्करायची ते विचारत होती. माझ्या पानात कुणीतरी न विचारता खीर वाढली. मला फार बरं वाटलं, बास.

संध्याकाळी मी सतरंज्या झटकत होतो. अजिनाथ खाली आला, हातात एक जुनं, कडा फाटलेलं रेशनकार्ड. त्यावर दोनच नावं होती, मुंजाबाचं आणि म्हाळसाबाईचं.

"चाचा, आई म्हणते तिकडं आता चूल ठेवायची नाही. हे कार्ड बंद करायचं आणि तिचं नाव आमच्याकडं चढवायचं. त्याचा फॉर्म कुठं मिळतो हो?"

मी कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि म्हटलं, "कचेरी दहाला उघडते. आईला सांग, साडेनऊला लिफ्टपाशी ये. आणि काही खाऊन येऊ नको म्हणावं, नाश्ता माझ्याकडं आहे."